हात न लावता घेतलेलं माप

आमच्या ह्यांची एकोणीस वर्षं अशी ख्याती होती, की ते माणसाला हात न लावता कोटाचं माप घेतात. गिऱ्हाईक दुकानात आलं की मालक त्याला आरशासमोर उभं करायचे. हे आपले टेबलामागे, एका हातात खडू, दुसऱ्या हातात कात्री. "जरा चाला," म्हणायचे. "आता वळा. त्या खुर्चीत बसा. उठा." मग छताकडे बघत आकडे सांगायला सुरुवात. छाती बेचाळीस, कंबर सदतीस, उजवा खांदा पाव इंच खाली, डावी बाही किंचित लांब. मालक वहीत लिहायचे आणि गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. एखादा शंकेखोर असला तर टेप मागून घ्यायचा, स्वतःच्या छातीला गुंडाळायचा आणि गप्प व्हायचा. लांबलांबून लोक कोट शिवायला कमी आणि ही करामत बघायला जास्त यायचे.

मी ह्यांची बायको. दुकानातल्या सगळ्या कोटांची काजं-बटणं माझ्याकडे असतात, त्यामुळे ह्यांचं घर आणि दुकान, दोन्ही माझ्या नजरेखालून जातं. लोक म्हणायचे, मास्तरांची नजर म्हणजे दैवी देणगी. मी सुईवरून नजर न उचलता मान हलवायचे. दैवी वगैरे त्यात काही नव्हतं. ह्यांच्या हातांना सोरायसिस होता आणि लोकांना हात लावायला ते घाबरायचे. एवढीच ती करामत.

दुखणं सुरू झालं तेव्हा हे चौतीस वर्षांचे होते. आधी कोपरांवर दोन लाल चट्टे आले, वर पांढरा चमकता पापुद्रा. मग डोक्यात, कानामागे, गुडघ्यांवर, आणि शेवटी हातांच्या पाठीवर आणि बोटांच्या पेरांवर. अख्ख्या अंगावर दुसरी जागा काय कमी होती? पण त्या मेल्याला शिंप्याचे हातच आवडले. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले. तरी हे टेपनंच मापं घ्यायचे. मग एक दिवस एक वकील आले, काळा कोट शिवायला. ह्यांनी त्यांच्या मानेभोवती टेप धरली आणि वकिलांना आरशात ह्यांची बोटं दिसली. अंगावर पाल पडल्यासारखे ते बाजूला झाले. "हे लागतं का हो?" एवढंच म्हणाले आणि उत्तर न ऐकता मागच्या बेसिनवर जाऊन साबणानं मान धुऊन आले. आमचे मालक भला माणूस. संध्याकाळी ते ह्यांना हळूच म्हणाले, "मास्तर, थोडे दिवस तुम्ही मागे बसा. कापायचं तुम्हीच. मापं मी घेतो."

आता मालकांना मापं घेता येत नव्हती, हा भाग वेगळा. ते पार्सल बांधल्यासारखी टेप आवळायचे. मागच्या पडद्याच्या फटीतून ह्यांना ते बघवेना. एकदा राहवलं नाही आणि हे आतूनच ओरडले, "अडतीस नाही मालक, साडेएकोणचाळीस!" मालकांनी पुन्हा टेप लावली. साडेएकोणचाळीस भरली. महिन्याभरात टेप खुंटीला लागली आणि ह्यांना टेबलासकट उचलून पुढे आणून बसवलं. लाजेनं मागे गेलेला माणूस करामत म्हणून पुढे आला. मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं.

घरी मात्र करामत वगैरे काही नसायची. सकाळी उठल्यावर अर्धा तास ह्यांची बोटं वळायची नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून बसायचे, तेव्हा कुठे शर्टाची खालची बटणं लागायची. वरची दोन मी लावून द्यायचे, आणि त्या वेळी हे शाळेतल्या पोरासारखे मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. चादर रोज झटकायची, खुर्ची झटकायची, कोच झटकायचा. उशीच्या अभ्र्यांवरचे मलमाचे डाग कुठल्याही साबणाला दाद देत नसत. झोपेत खाजवून रक्त येऊ नये म्हणून हे हातात मोजे घालून झोपायचे. पायातले मोजे. एकदा एका हातात निळा आणि दुसऱ्यात करडा होता, मला हसू फुटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे हे रुसणारे नव्हेत. पण त्या विषयावर विनोद चालत नसे, आणि विनोद सोडून दुसरं काही मला जमत नसे.

काळ्या कोटांसाठी नावाजलेल्या ह्या माणसानं स्वतः कधी काळं घातलं नाही. काळ्यावर पापुद्रे दिसतात. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या. न्हाव्याकडे जाणं बंद. केस मी कापायचे, आणि माझा हात काजांवर बसलेला, केसांवर नव्हे, हे ह्यांच्याकडे बघून कुणालाही कळायचं. कुणी हात मिळवायला येऊ नये म्हणून दुकानात खडू आणि कात्री, रस्त्यात दोन पिशव्या. त्यातली एक बहुतेक वेळा रिकामीच असायची. लग्नाआधी हे नदीत तासन् तास पोहायचे म्हणे. मी ते कधी पाहिलं नाही.

लेक लहान असताना तिला शाळेत सोडायला हेच जायचे. रस्ता ओलांडताना हे तिचा हात धरत नसत, दप्तराचा पट्टा धरत. "तिच्या मैत्रिणी बघतात," म्हणायचे. लेकीनं एकदा मला विचारलं, "आई, मी पळून जाईन असं बाबांना वाटतं का गं?" मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं सांगायला हवं होतं, हे आता कळतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं मीठ सोडा, कुणी म्हणालं दूध सोडा, कुणी म्हणालं काळजी सोडा. बायको सोडा असं तेवढं कुणी म्हणालं नाही, नाहीतर तोही प्रयोग झाला असता. एका डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी पाच मिनिटांत सांगितलं, "हे जात नसतं. सवय करून घ्या." हे आज्ञाधारक. त्यांनी सवय करून घेतली आणि डॉक्टरांची पायरी पुन्हा चढले नाहीत. दुकानात सगळ्यांना धुळीची ॲलर्जी म्हणून सांगितलेलं. सोरायसिस हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

मग मालक थकले आणि दुकान त्यांच्या लेकीकडे आलं. लहानपणी तिला हे चिमणे म्हणायचे, आता बाई म्हणतात. ती ह्यांना मास्तरकाका म्हणते. पोरगी सरळ आहे, पोटात एक आणि ओठात एक असला प्रकार नाही. तिनं गेल्या थंडीत मोठं काम आणलं. एका वाद्यवृंदाच्या एकतीस वादकांना नवे काळे कोट. आमच्या दुकानानं एवढं काम एकदम कधी पाहिलं नव्हतं.

मापं घ्यायला आम्ही त्यांच्या सरावाच्या हॉलवर गेलो. आता वही माझ्याकडे असते. त्या दिवशी हॉलचा हीटर बिघडलेला. सगळे वादक जाडजूड लोकरी स्वेटर घालून कुडकुडत उभे. बाई म्हणाली, "मास्तरकाका, स्वेटर काढायला सांगू का?"

इथे ह्यांची हौस आडवी आली. एकतीस माणसं डोळे लावून बसलेली, करामत बघायला. हे छाती काढून म्हणाले, "काही गरज नाही. कपड्याच्या आतलं मला दिसतं."

पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनवालीनं घाईघाईनं हातांची घडी घातली. हॉलमध्ये हशा पिकला, आणि हे आणखी खुशीत आले. एका सकाळीत एकतीस मापं सांगितली. सांगताना डोळे बारीक करत होते, ते मी पाहिलं. छप्पन्नाव्या वर्षी नजर पूर्वीची राहत नाही. आधीच्या दोन महिन्यांत एक कोट खांद्यात आणि एक बाहीत चुकून परत आला होता, तेही मला माहीत होतं. पण मी मुकाट्यानं लिहीत गेले. त्या चुकीत अर्धा वाटा माझा.

तीन आठवड्यांनी पहिले दहा कोट कच्चे शिवून ट्रायलला नेले. हीटर दुरुस्त झालेला, वादक शर्टात. पहिला कोट ड्रमवाल्यानं चढवला आणि तो त्याच्या अंगावर असा लोंबला, की आत त्याचा धाकटा भाऊ सहज मावला असता. दुसरा तसाच. तिसरा तसाच. व्हायोलिनवालीनं वाजवण्यासाठी हात वर केला, तर काखेतला मुंढा खोल गेल्यामुळे अख्खा कोट कानांपर्यंत चढला. वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिवत होतात तेवढे दिवस आम्ही उपाशी होतो की काय?"

ह्यांनी माणसांचं नाही, स्वेटरांचं माप घेतलं होतं. लोकर किती आणि माणूस किती, हे डोळ्याला कळत नाही. टेप ओढून धरली की हाताला लगेच कळतं. पहिल्या महिन्यात शिकाऊ शिंप्याला शिकवतात ती गोष्ट. पण ह्यांच्या हाताला माणूस लागून एकोणीस वर्षं झाली होती.

परतताना बाई रागावली नाही. त्याचंच मला भय वाटलं. दुकानात आल्यावर तिनं दार लावलं आणि म्हणाली, "मास्तरकाका, सोमवारी ते सगळे पुन्हा येतायत, इथेच. मापं टेपनं घ्यायची. तुम्ही घेताय, का मी बाहेरून कटर बोलावू? आणि बाहेरचा आला तर तो कायमचाच येईल. दोन कटर मला परवडणार नाहीत. तुमच्यापासून लपवत नाही मी."

"बघतो," हे म्हणाले.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले आणि बूटसुद्धा न काढता म्हणाले, "सोमवारी मी जात नाही. सांग तिला, मास्तरांनी काम सोडलं."

"का सोडलं म्हणून सांगू?"

"नजर गेली म्हणावं."

"नजर गेली तर टेप आहे की!"

"टेप का नको ते तुला माहितीये."

"मला माहितीये! मलाच तेवढं माहितीये, हेच तर चुकलं!" माझा आवाज चढला. "अहो, कात्री धरायला लागल्यापासून चाळीस वर्षं कोट कापताय. एक माणूस मान धुवायला गेला म्हणून घरी बसणार? त्या वकिलाला आठवतसुद्धा नसेल तो दिवस. आणि तुम्ही? तुम्ही त्याच्यासाठी पोरीचा हात सोडलात!"

हे बोलल्यावर माझं मलाच रडू आलं. हे वाकून बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, "त्यानं विचारलं होतं, लागतं का म्हणून. मला उत्तर देता आलं नाही. मलाच तेव्हा खात्री नव्हती गं. घरी येऊन तुझ्याकडे, पोरीकडे रोज बघायचो, कुठे चट्टा उठलाय का म्हणून. वर्षभर बघत होतो."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कळलं. मी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशीची त्वचारोगाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. ह्यांना विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी आधी एक कागद पुढे केला. दहा प्रश्न होते. गेल्या आठवड्यात तुमच्या त्वचेमुळे कामात किती अडचण आली, कपडे निवडताना किती विचार करावा लागला, लोकांत जाणं किती टाळलं, असे. प्रत्येकापुढे चार चौकोन: अजिबात नाही, थोडी, बरीच, फार. हे पेन घेऊन बसले आणि सरळ रेषेत खाली खुणा करत सुटले. अजिबात नाही, अजिबात नाही, अजिबात नाही.

मी कागद ओढून घेतला. "कपड्यांचा विचार अजिबात नाही? उन्हाळ्यात बाह्या कोण घालतं, मी?" खोडून मी फारवर खूण केली. "लोकांत जाणं टाळत नाही? न्हावी काय तुमचा सावकार आहे, त्याला टाळायला?" फार. "खेळ, व्यायाम?"

"मी कुठे खेळतो?"

"पोहायचात ना?"

मी खूण केली. फार. शेवटच्या दोनांतला एक प्रश्न नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल होता. त्याच्यावर ह्यांनी हात ठेवला होता. मी तो हात बाजूला केला आणि खूण केली. कुठे केली ते इथे लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि आधी मला पाण्याचा ग्लास दिला.

मग त्यांनी ह्यांचे हात हातात घेतले. हातमोजे नाहीत, काही नाही, उघड्या हातांनी. उलटे केले, सुलटे केले, नखं बघितली, एकेक पेर दाबून बघितलं. हे श्वास रोखून बसलेले. "सकाळी आखडतात का?" त्यांनी विचारलं.

"वय झालं आता," हे म्हणाले.

"वय नाही काका. हाही ह्याच आजाराचा भाग आहे. तो सांध्यांतही उतरतो. आणि त्याला औषध आहे."

"म्हणजे म्हातारपण नाही?"

"छप्पन्नला कसलं म्हातारपण!"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी विचारलं, पूर्ण जाईल का. त्या म्हणाल्या, "जाईल म्हणून खोटं सांगणार नाही. पण पुष्कळ आटोक्यात येतं. पूर्वीपेक्षा आता खूप औषधं आहेत. आधी रक्त तपासू, मग गोळ्या ठरवू. तोवर हे मलम, आणि डोक्याला हे. आणि लागत नाही, कुणालाही, कशानंही. हे तर माहितीये ना?"

"सोमवारपर्यंत कमी होईल?" ह्यांनी विचारलं, आणि सोमवारची सगळी हकीकत सांगितली.

त्या हसल्या. "सोमवारपर्यंत मी काहीच करू शकत नाही. तुम्ही करू शकता. लागत नाही, एवढं लोकांना तोंडानं सांगा. बघून त्यांना कसं कळणार?"

रविवारी आमच्या घरी तालीम झाली. मी गिऱ्हाईक. ह्यांचं पहिलं भाषण असं: "माफ करा, आपली हरकत नसेल तर, म्हणजे आपल्याला गैरसोय होत नसेल तर, एक छोटीशी गोष्ट..." मी म्हटलं, "एवढ्यात गिऱ्हाईक घरी जाऊन जेवून येईल." दुसऱ्यांदा जरा आखूड झालं. तिसऱ्यांदा नको तिथे हसले. दुपारपर्यंत तीन वाक्यं उरली. तेवढी त्यांनी भांडी पुसता पुसता पाठ केली.

सोमवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एकतीस वादक शर्टांत उभे, बाई दाराशी. तिला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली, "आणि मी एवढी वर्षं दुकानाची धूळ काढतेय!" हे टेबलामागून बाहेर आले. खडू खाली ठेवला, कात्री खाली ठेवली. खिशातून टेप काढून गळ्यात टाकली आणि शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर सारल्या. हे तालमीत नव्हतं.

"माझ्या हातांना सोरायसिस आहे," हे म्हणाले. "तो लागत नाही. कुणाला चालणार नसेल तर त्यांचं माप माझी बायको घेईल, राग नाही."

ड्रमवाला यादीत पहिला होता. तो पुढे आला, ह्यांच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, ते ठीक आहे. पण मला गुदगुल्या होतात, त्याचं काय?"

दुकान हसलं. हेही हसले. ह्यांचा हात त्याच्या पाठीपासून बोटभर अंतरावर क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग तो टेकला.

त्यानंतर हे कुणाकडे बघायला थांबले नाहीत. व्हायोलिनवालीला म्हणाले, "वाजवताना जसा धरता तसा हात धरा." तिच्या खांद्याच्या मागच्या हाडावर तळवा ठेवून, ते कसं सरकतं ते बघत राहिले. "आता खाली. पुन्हा वर." मग मला आकडे सांगितले, नुसती छाती-कंबर नाही, हात वर असतानाचा आणि खाली असतानाचा, दोन्ही. असली मापं मी वहीत कधी लिहिली नव्हती. ती पोरगी म्हणाली, "मास्तर, दुखतं का हो हे?"

हे थबकले. लागतं का, असं वकिलांनी विचारलं होतं. दुखतं का, असं कुणीच नाही. "सकाळी जरा दुखतं," हे म्हणाले. "विचारलंत, बरं वाटलं."

सतराव्या नंबरला बासरीवाले आजोबा होते. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे. ते खाली बघून पुटपुटले, "माझं वहिनींनीच घ्यावं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण हे म्हणाले, "घे ना गं," आणि टेप माझ्या हातात दिली, आणि पाणी पिऊन अठराव्याकडे वळलेसुद्धा. मी मेली त्या म्हाताऱ्याची बाही मोजताना सारखी मागे बघत होते, ह्यांचा चेहरा पडलाय का. पडला नव्हता. त्यात माझं माप चुकलं असणार.

दुकान रिकामं झाल्यावर हे पायरीवर बसले. मी शेजारी बसले.

"एकानं नाही म्हटलं," हे म्हणाले.

"हो."

"आणि काही झालं नाही गं. मी आपला उभाच होतो."

मी त्यांचा हात हातात घेतला, भर रस्त्यात. त्यांनी सोडवून घेतला नाही.

रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या ट्रायलपर्यंत महिना गेला. चट्टे होतेच, पण बोटांवरचे जरा मऊ पडले होते, आणि सकाळची दोन बटणं हे आपली आपण लावू लागले होते. मला खोटं कशाला, त्या बटणांची थोडी चुटपुटही लागली. आम्ही कोट घेऊन हॉलवर गेलो. एकेक जण चढवत गेला. व्हायोलिनवाल्यांनी हात वर केले, खाली केले, आणि कोट जिथल्या तिथे. संचालकांनी दोन्ही हात हवेत फिरवून बघितले आणि ह्यांची पाठ थोपटली. बाई मला कोपरानं ढोसत कानात म्हणाली, "काकू, बाहेरचा कटर रद्द. तुमच्या मास्तरांना सांगा, पुढच्या हंगामाचं कामही आलंय."

एकच कोट बसला नाही. बासरीवाल्या आजोबांचा. पाठीत ओढत होता आणि डाव्या काखेत काचत होता. तीस कोट ऐटीत उभे आणि त्यांच्यामध्ये हा एक, चुरगळलेला. सगळ्यांना दिसत होतं, आणि माप कुणी घेतलं होतं तेही सगळ्यांना माहीत होतं. माझे कान तापले.

आजोबांनी कोट उतरवला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि शर्टात ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग दोन्ही हात बाजूंना पसरले.

"मास्तर, तुम्हीच घेता का माप?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली. हे पुढे झाले, वाकले, आणि त्यांच्या काखेखालून हात घालून पाठीमागे टेप नेली. आजोबा एकदम दचकले. सगळा हॉल बघत होता.

"अहो मास्तर," आजोबा म्हणाले, "हात केवढे गार आहेत तुमचे!"

एकोणीस वर्षं हे ज्या तक्रारीला भीत होते, ती शेवटी आली ती ही. ह्यांनी "माफ करा हं" म्हणून दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, तोंडाजवळ धरून त्यांच्यावर दोनदा ऊन श्वास सोडला, आणि मग पुन्हा हात लावला.